स्नोबोर्डचा वेग नेमका कुठे जातो?

फ्रान्समधल्या वार्स इथे 2015 मध्ये एडमंड प्लॉव्झिकने स्नोबोर्डवर ताशी 203 किलोमीटरचा वेग गाठला. तिथेच 2023 मध्ये सिमोन बिलीने स्कीवरून ताशी 255 किलोमीटर ओलांडले. गुरुत्वाकर्षण दोघांनाही सारखेच. मग एवढी तफावत का? त्यात मोठा वाटा हवेचा. वेग दुप्पट झाला की हवेचा रोध चौपट होतो. स्कीवाला समोर तोंड करून अंग आखडून घेतो. स्नोबोर्डवर दोन्ही पाय एकाच फळीवर आडवे जखडलेले, त्यामुळे शरीर तितके लहान करताच येत नाही.

फळीचा तळ पॉलिएथिलीनचा असतो. घर्षणाच्या उष्णतेने बर्फाचे कण जरासे वितळतात आणि पाण्याचा अतिशय पातळ थर वंगणाचे काम करतो. कडाक्याच्या थंडीत हे पाणी पुरेसे सुटत नाही आणि कोरडे, टोकदार कण तळाला बोचकारतात. शून्याच्या आसपास उलटी अडचण: पाणी जास्त होऊन तळ चिकटल्यासारखा ओढला जातो. म्हणूनच तळाला लावायचे मेण तापमानानुसार बदलतात आणि तळावर बारीक चरे पाडतात. यात सरस ठरलेले फ्लोरिनयुक्त मेण पर्यावरण व आरोग्याच्या कारणांवरून 2023-24च्या हंगामापासून आंतरराष्ट्रीय शर्यतींतून हद्दपार झाले.

मेणाची चर्चा मात्र जरा जास्तच होते. हौशी स्वाराचा वेग सांडतो तो वळणावर.

फळी मध्यभागी अरुंद असते. ती कडेवर कलवून दाबली की धनुष्यासारखी वाकते आणि कडेची वक्रता वळणाची वाट आखते. कडेच्या वक्राची त्रिज्या 10 मीटर असेल, तर टणक बर्फावर 60 अंश कललेली फळी साधारण 5 मीटर त्रिज्येचे वळण कापते. वळण जमले की फळीचे शेपूट, म्हणजे मागचे टोक, नाकाच्याच, म्हणजे पुढच्या टोकाच्याच, चरातून जाते. मागे उरते एक बारीक रेघ. जमले नाही तर फळी आडवी घसरते, रुंद पट्टा खरवडला जातो आणि बर्फाचा फवारा उडतो. फोटोत तो झकास दिसतो, पण त्या उडणाऱ्या बर्फाला लागलेली ऊर्जा स्वाराच्या वेगातूनच गेलेली असते.

शर्यतीची ताठ फळी भरधाव वेगातही थरथरत नाही, कड सोडत नाही. पण तिला वाकवायला वेग, वजन आणि नेमका कल लागतो. नवख्याला ती वाकतच नाही. तो प्रत्येक वळणावर घसरतो आणि मऊ फळीवर गेला असता त्याहूनही हळू खाली पोहोचतो.