सिकलसेल, नागपूरचं ऊन आणि तिसावा घात

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांना टेकला की सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या रुग्णाला डॉक्टर हमखास बजावतात, "पाणी भरपूर प्या." घरच्यांना ते सांगायचं म्हणून सांगितल्यासारखं वाटतं, आणि "सलाईन तरी लावा" असा आग्रह सुरू होतो. या साध्या सल्ल्यामागे १९७४ साली मोजलेला एक आकडा आहे. रक्तशास्त्रात त्याच्याइतका देखणा आकडा माझ्या मते दुसरा नाही.

हिमोग्लोबिनच्या रेणूत दोन अल्फा आणि दोन बीटा साखळ्या असतात. सिकलसेलमध्ये बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल या अमिनो आम्लाऐवजी व्हॅलिन हे दुसरं अमिनो आम्ल येतं. यामुळे रेणूच्या विद्युतभारात पडणारा फरक १९४९ साली रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांच्या प्रयोगशाळेत पकडला गेला. त्या कामातले हार्वे इटानो हे डॉक्टर, डॉक्टरकी शिकून झाल्यावर रसायनशास्त्रात पीएचडी करायला तिथे गेलेले.

व्हॅलिन पाणी टाळतं. हिमोग्लोबिननं ऑक्सिजन सोडला की शेजारच्या रेणूच्या बीटा साखळीवर त्याला नेमकी बसेल अशी खाच मिळते. असे रेणू एकमेकांत अडकत गेले की १४ पदरांची पिळदार दोरी होते, आणि ती तांबड्या पेशीला विळ्याच्या आकारात ताणते.

मात्र दोरी लगेच होत नाही. सुरुवातीला रेणू जुळतात आणि सुटतात. जुळलेल्यांचा गठ्ठा ठराविक आकाराचा झाला तरच टिकतो. तो टिकला की त्यातून वाढलेल्या दोरीच्या अंगावरच नव्या दोऱ्या फुटतात, त्यांच्यावर आणखी, आणि पाहता पाहता सगळं घट्ट होतं. पाक बराच वेळ पातळ राहून एकाएकी रवाळ होतो, तसं. आधीच्या त्या शांत काळाला विलंबकाळ म्हणू. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत हॉफ्रिक्टर, रॉस आणि ईटन यांनी तो मोजला. (ईटनही एमडी आणि पीएचडी दोन्ही केलेले. आपल्या नागपुरात मेडिकल कॉलेज आणि व्हीएनआयटी ही अभियांत्रिकी संस्था एकाच शहरात आहेत, पण अशी वाट धरणारे विद्यार्थी विरळाच.) त्यांना आढळलं की विलंबकाळ हिमोग्लोबिनच्या संहतीच्या (म्हणजे ते द्रवात किती दाट आहे त्याच्या) साधारण तिसाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो.

१.०५ चा तिसावा घात काढून पाहा, ४.३ येतो. पेशीतली संहती फक्त ५ टक्क्यांनी वाढली तर विलंबकाळ चौथ्या हिश्श्याच्याही खाली येतो. १० टक्क्यांनी वाढली तर सतराव्या हिश्श्यावर. केशवाहिनीतून पेशी साधारण सेकंदाभरात पार होते. विलंबकाळ त्याहून पुरेसा मोठा असेल तर ती फुप्फुसात पोचून पुन्हा ऑक्सिजन घेते आणि दोरी होत नाही. छोटा असेल तर पेशी वाटेतच ताठरते, मागच्या पेशी तुंबतात आणि दुखणं सुरू होतं.

आता ऊन. घामानं रक्तद्रव दाट होतो, तो पेशीतलं पाणी ओढतो आणि आतली संहती वाढते. त्यातच सिकलसेलच्या रुग्णाची लघवी घट्ट करण्याची क्षमता लहानपणापासूनच घटत जाते, कारण मूत्रपिंडाच्या गाभ्यात ऑक्सिजन कमी आणि क्षार जास्त, म्हणजे दोऱ्या व्हायला सगळं अनुकूल. शरीर कोरडं पडत असतानाही लघवी पातळच राहते. 'लघवी पिवळी नाही म्हणजे पाणी पुरेसं आहे' हा नेहमीचा हिशोब इथे फसतो. तहानेची वाट न पाहता मोठ्या माणसानं दिवसभरात थोडं थोडं करून ३ लिटरच्या आसपास प्यावं. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर माप डॉक्टरांनी ठरवायचं. उन्हातून येऊन थेट कूलरच्या गार झोतात बसू नये. वाहिन्या आकसतात आणि पेशीचा वाटेतला वेळ वाढतो.

सिकलसेल शिबिरातली सोल्युबिलिटी टेस्ट ही प्राथमिक रक्तचाचणीही ऑक्सिजन सुटल्यावर दोऱ्या होण्याच्या याच गुणधर्मावर चालते. २ मिलिलिटर द्रावणात २० मायक्रोलिटर रक्त घालतात. सॅपोनिन पेशी फोडतं, सोडियम डायथायोनाइट ऑक्सिजन काढून घेतं. पाचेक मिनिटांनी नळीमागच्या काळ्या रेघा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. डायथायोनाइटची बाटली उघडी राहिली तर हवेनं ते निकामी होतं आणि खरा रुग्णही निगेटिव्ह निघतो. नळी गढूळ झाली म्हणून आजार आहेच असंही नाही. एएस वाहकाचीही (सिकलचं जनुक आई-वडिलांपैकी एकाकडूनच आलेल्याची) होते, फरक हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी तपासणीत कळतो. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात एसएस, म्हणजे दोघांकडूनही ते जनुक मिळालेल्या आजारी बाळाची शक्यता २५ टक्के असते, तेव्हा छत्तीस गुण जुळवण्याआधी हा रिपोर्ट जुळवावा.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची नळी मात्र फसवते, कारण त्याच्या रक्तात अजून गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन भरपूर असतं आणि ते दोरीत बसत नाही. हायड्रॉक्सियुरियाची गोळी तेच हिमोग्लोबिन वाढवते. २०२३ मध्ये परदेशात मंजूर झालेल्या जनुक-संपादनाचा मार्गही हाच, पण त्याची अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर. 'सिकल मुळापासून घालवणारं' चूर्ण कुणी पुढे केलं तर त्यानं विलंबकाळ किती वाढतो, एवढंच विचारावं. हायड्रॉक्सियुरियानं तांबड्या पेशी आकारानंही मोठ्या होतात. मात्र ही गोळी अस्थिमज्जेला दाबते, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट उतरू शकतात. म्हणून गोळी चालू असताना रक्तपेशींची मोजणी ठरल्या तारखेला करायची, बरं वाटत असलं तरी.