उन्हाळी की इन्फेक्शन? लघवीचा नमुना देण्यापूर्वी

नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, नागपुरात लघवीला जळजळ झाली की घरोघरी एकच निदान होतं: उन्हाळी लागली. पाणी कमी पडून लघवी गडद पिवळी झाली असेल, तर भरपूर पाणी, ताक, सब्जा घेतल्यावर त्रास उतरतो. पण सारखी घाई, थेंबथेंब होणं, ओटीपोटात दुखणं, लघवी गढूळ असणं ही इन्फेक्शनची लक्षणं आहेत. बायकांना ते जास्त होतं, कारण त्यांचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटीमीटरचा, आतड्यातला ई. कोलाय जंतू सहज मूत्राशयात पोचतो. पन्नाशीनंतर पुरुषांत बहुधा वाढलेल्या प्रोस्टेटमुळे लघवी तुंबते आणि जंतूंचं फावतं.

लॅब म्हणून आमची एकच विनंती: अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधी नमुना द्या. मेडिकलमधून आणलेल्या दोन गोळ्या पोटात गेल्या की कल्चरमध्ये, म्हणजे लघवीतला जंतू लॅबमध्ये वाढवून पाहायच्या तपासणीत, बऱ्याचदा जंतू उगवत नाही, आणि त्रास मात्र तसाच.

आधी जागा साध्या पाण्याने धुवा. पहिली धार सोडून मधली धार डबीत घ्या. झाकणाला आतून बोट लावू नका. नमुना तासाभरात आमच्याकडे पोचायला हवा. कामठी, हिंगण्याहून येणाऱ्यांनी डबी पिशवीत बांधून बर्फासोबत आणावी. मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत ठेवलेल्या डबीत जंतू भराभर वाढतात, मग रिपोर्ट तुमचा नाही, डिक्कीचा येतो.

साध्या तपासणीत पस सेल्स (पुवातल्या पांढऱ्या पेशी) दिसतात, तेवढ्याने जंतू कोणता ते कळत नाही. ते कल्चर सांगतं, आणि कोणतं औषध लागू पडेल हेही. त्याला ४८ ते ७२ तास लागतात. रोज फोन केला तरी जंतू घाई करत नाहीत. तोवर डॉक्टर औषध सुरू करू शकतात. बायकांच्या साध्या इन्फेक्शनला बहुतेक वेळा नायट्रोफ्युरँटॉइनचा पाच दिवसांचा कोर्स किंवा फॉस्फोमायसिनचा एकच डोस पुरतो. जळजळ थांबली म्हणून कोर्स अर्धा सोडू नका.

त्रास नसताना रिपोर्टमध्ये जंतू आले तर बहुतेकांना औषध लागत नाही. गरोदर बाईला मात्र लागतं.

थंडी वाजून ताप, कमरेच्या वर एका बाजूला दुखणं, उलट्या असतील तर रिपोर्टची वाट पाहू नका, थेट दवाखान्यात जा. लघवीतून रक्त गेलं आणि दुखलं नाही, तरी डॉक्टरांना दाखवाच. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी तर नक्कीच.

निर्जंतुक डबी काउंटरवर मागून घ्या. लोणच्याची बरणी कितीही उकळली तरी आम्ही घेत नाही.