सागरी आम्लीकरण

हवेतला कार्बन डायऑक्साइड समुद्रात विरघळून पाण्याचा सामू (pH, आम्लतेचे माप; तो जितका कमी तितके पाणी अधिक आम्ल) उतरत जाणे, म्हणजे सागरी आम्लीकरण. समुद्र आंबट होतो आहे असे या नावावरून वाटते, पण ते खरे नाही. समुद्राचे पाणी आजही अल्कधर्मीच आहे. औद्योगिक क्रांतीपूर्वी पृष्ठभागाच्या पाण्याचा सामू सरासरी ८.२ होता, तो आता ८.१ च्या आसपास आला आहे. सामूचे माप लघुगणकी, म्हणजे दर अंकाला दहापट बदलणारे असल्यामुळे एवढ्याशा उतारानेही आम्लता ठरवणाऱ्या हायड्रोजन आयनांचे प्रमाण पाव हिश्श्याहून अधिक वाढते. माणूस सोडतो त्यातला साधारण एक चतुर्थांश कार्बन डायऑक्साइड समुद्र गिळतो. हवा त्यामुळे कमी तापते, आणि त्याची किंमत शंखशिंपल्यांना मोजावी लागते.

ही क्रिया समजून घ्यायला शाळेतला एक जुना प्रयोग पुरतो. पानाला लावतात तो चुना पाण्यात कालवून ठेवला की वर स्वच्छ निवळी येते. तीत नळीने फुंकले की ती दुधाळ होते, कारण कॅल्शियम कार्बोनेटचा साका तयार होतो. बहुतेक वर्गांत प्रयोग इथेच थांबवतात, आणि ते चुकते. आणखी काही वेळ फुंकत राहिल्यास दुधाळपणा ओसरतो व पाणी पुन्हा नितळ होते. जादा कार्बन डायऑक्साइडमुळे तोच साका बायकार्बोनेट होऊन विरघळलेला असतो. शंख, शिंपले आणि प्रवाळ याच कॅल्शियम कार्बोनेटचे बनतात. समुद्रात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे तयार झालेले नवे हायड्रोजन आयन कार्बोनेटला चिकटतात आणि घर बांधायचा माल कमी पडतो. जीव लगेच विरघळत नाही. त्याला तेच कवच उभारायला जास्त शक्ती खर्चावी लागते आणि वाढीला, प्रजननाला कमी उरते.

सर्वांत नाजूक वय अळीचे. कालवाची अळी जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत पहिले कवच घडवते. २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या ओरेगॉन किनाऱ्यावरच्या कालव-पैदास केंद्रांत अळ्या मोठ्या प्रमाणावर मेल्या. खोल समुद्रातून वर आलेले कमी सामूचे पाणी त्याला कारण ठरले. पाण्यावर तरंगणाऱ्या टेरोपॉड या इवल्या गोगलगायींचे कवच अॅरागोनाइटचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या अधिक सहज विरघळणाऱ्या रूपाचे असते. मासे त्यांच्यावर जगतात, म्हणून हा घाव वरपर्यंत पोहोचतो. सागरी गवताला मात्र जादा कार्बन डायऑक्साइड मानवतो. इटलीतील इस्किया बेटाजवळ समुद्रतळातून हा वायू नैसर्गिकरीत्या बुडबुडतो. तिथे गवत माजलेले आणि कवचधारी जीव विरळ दिसतात. माशांच्या वर्तनावरील परिणामांबद्दल संशोधकांत मतभेद आहेत.

बडोद्याच्या मराठी घरांतून कमाटीबागेच्या संग्रहालयात गेलेल्या मुलांना निळ्या देवमाशाचा सांगाडा ठाऊक असतो. हा देवमासा १९४४ साली मही नदीच्या मुखाशी वाहून आला होता. त्याची हाडेही अशी विरघळतील का, असे एखादे मूल विचारील, आणि प्रश्न योग्यच आहे. हाडे मुख्यत्वे कॅल्शियम फॉस्फेटची असतात, म्हणून ती भीती नाही. देवमाशाला धोका संभवतो तो अन्नसाखळीतून.

बडोदे संस्थानाच्या समुद्रकिनाऱ्यांपैकी एक होता द्वारकेकडच्या ओखामंडळचा. तिथल्या सागरी जीवांची पाहणी सागरी जीवशास्त्रज्ञ जेम्स हॉर्नेल यांनी संस्थानासाठी केली आणि अहवालाचा पहिला भाग १९०९ मध्ये निघाला. सामू ही संकल्पनाच डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सन यांनी त्याच वर्षी मांडली, त्यामुळे तेव्हाच्या पाण्याचे असे मोजमाप मिळणे शक्य नव्हते. ही उणीव आज जाणवते. ओहोटीला नरारा येथे चालत जाऊन प्रवाळ पाहता येतात. कच्छच्या आखातातले हे प्रवाळ गाळ आणि उष्णता आधीच सोसत आहेत. प्रवाळ पांढरे पडतात ते मुख्यतः उष्णतेने. आम्लीकरण त्यांचा सांगाडा बांधण्याचा वेग मंदावते. दोन्हींची गल्लत करू नये.

किनाऱ्याजवळ आणखी एक कारण जोडले जाते. सांडपाण्यातील पोषकद्रव्यांवर शैवाल फोफावते, ते कुजताना पाण्यातच कार्बन डायऑक्साइड सुटतो. बडोद्यातून वाहणारी विश्वामित्री ढाढर नदीला मिळते आणि ढाढर खंभातच्या आखाताला, म्हणजे शहराचे सांडपाणीही समुद्रापर्यंत पोहोचू शकते.