मोबाइलवरचं समुपदेशन कुठवर पुरतं?

अंधेरी सुटली की बोरिवलीपर्यंत फास्ट लोकल बहुतेक वेळा थांबत नाही. एकदा गाडीत पॅनिक अटॅक येऊन गेलेल्या माणसाची या पट्ट्याच्या नुसत्या विचाराने आदल्या रात्रीच झोप उडते. मग तो स्लो पकडू लागतो. जोगेश्वरी, राम मंदिर, गोरेगाव... दर काही मिनिटांनी उतरायची सोय. घरच्यांना वाटतं, गर्दी नको म्हणून. काही महिन्यांनी स्लोही नकोशी होते आणि ऑफिसला दांड्या सुरू होतात.

चिंताविकार पोसला जातो तो या टाळाटाळीवर. छाती धडधडते, हातांना मुंग्या येतात, आता मरणार असं वाटतं. (असं पहिल्यांदा झालं तर डॉक्टरांकडून हृदय तपासून घ्यायलाच हवं.) पॅनिकचा हा जोर सहसा दहाएक मिनिटांत कळसाला पोचतो आणि आपोआप ओसरतो. पण गोरेगावला उतरून गेलेल्याला तो ओसरताना अनुभवायलाच मिळत नाही. 'उतरलो म्हणून वाचलो' एवढंच मेंदूत पक्कं होतं.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी १९६०च्या दशकात ज्या उपचारपद्धतीचा पाया घातला, ती सीबीटी (विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलत नेणारी) नेमकी इथे काम करते, आणि व्हिडिओ कॉलवरही छान करते. समुपदेशक बारीक स्ट्रॉमधून मिनिटभर श्वास घ्यायला सांगतात, जागच्या जागी गोल फिरायला लावतात. धाप लागते, गरगरतं, आणि काही वेळाने सगळं पूर्ववत होतं. ही लक्षणं भीतिदायक असली तरी घातक नाहीत, हे शरीर स्वतःच शिकतं. मग अंधेरी ते जोगेश्वरी स्लोने, नंतर मालाडपर्यंत, शेवटी फास्ट. चिंताविकारांवर समुपदेशकाच्या मदतीने ऑनलाइन घेतलेल्या सीबीटीचे परिणाम समोरासमोरच्या उपचारांच्या जवळपास येतात, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. मला यात नवल वाटत नाही. भीती गाडीत असते, दवाखान्यात नाही. आणि मोबाइल फलाटापर्यंत सोबत येतो.

मुंबईत खरी अडचण जागेची. एका खोलीत पाच माणसं, मधे पडदा. सासूबाई तीन फुटांवर भाजी निवडत असताना सासरबद्दल काय बोलणार? म्हणून सेशन गच्चीवर होतात, बागेतल्या बाकावर होतात, कधी फक्त टाइप करून होतात. चांगले समुपदेशक सुरुवातीलाच विचारतात, 'आत्ता कुठे आहात? आसपास कोणी आहे का?' पत्ता आणि जवळच्या माणसाचा नंबरही घेऊन ठेवतात, कारण प्रसंग ओढवला तर मदत पाठवायची कुठे हे ठाऊक असावं लागतं. व्हिडिओ, डेटा, पैसे यांपैकी काहीच जमत नसेल तर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली सरकारी 'टेलि-मानस' सेवा १४४१६ वर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही मिळते.

दारूच्या बाबतीत मात्र नुसत्या मोबाइलवर विसंबण्याआधी मी ठामपणे थांबा म्हणेन. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दारूच्या विकारांनी त्रस्त असलेल्यांपैकी सुमारे ८६ टक्के लोक उपचारांविना आढळले होते. तेव्हा फोनवरून का होईना, मदत पोचायलाच हवी. संध्याकाळी स्टेशनबाहेरच्या बारवरून जाताना तलफ येते तेव्हा समुपदेशकाचा आलेला एक फोन पुष्कळ काम करतो, कारण तलफही बहुतेक वेळा अर्ध्या तासात ओसरते. पण रोज भरपूर पिणाऱ्याने गटारी झाली, श्रावण लागला म्हणून बाटली एका दिवसात बंद करणं धोक्याचं आहे. दारू मेंदूला गुंगवते, म्हणून मेंदू वर्षानुवर्षं स्वतःला जास्त उत्तेजित ठेवायला शिकतो. दारू अचानक गेली की ती उत्तेजना मोकाट सुटते. काही तासांत हात थरथरतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होऊन जीवही जाऊ शकतो. घरचे म्हणतात, 'देवाचं केलं तरी आजारी पडला.' हे पहिले दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काढायचे; समुपदेशन त्यानंतरच्या लांबलचक वाटेसाठी.

खाण्याचे विकार आपल्याकडे उपवासाआड सहज लपतात. सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी. कोणी हटकत नाही, उलट कौतुक होतं. दिवसभर पोट मारायचं आणि घर झोपल्यावर ओट्यापाशी उभं राहून डबे रिकामे करायचे, मग उलटी काढायची, हे चक्र तिशी-चाळिशीतल्या माणसांतही असतं, पुरुषांतही. यात सीबीटीचं पहिलं पाऊल म्हणजे दर तीन-चार तासांनी ठरलेलं खाणं, कारण दिवसाची उपासमारच रात्रीचा सपाटा ओढवून आणते. खाल्लेल्याची नोंद त्याच वेळी मोबाइलवर होते, हा ऑनलाइन उपचारांचा मोठा फायदा. पण कॅमेऱ्यात दिसतो फक्त चेहरा. वारंवार उलट्या झाल्या किंवा जुलाबाच्या गोळ्या घेतल्या की रक्तातलं पोटॅशियम घटतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. ते रक्ततपासणी आणि ईसीजीवरच कळतं. म्हणून चक्कर, अनियमित ठोके किंवा भराभर उतरलेलं वजन असेल तर पुढच्या सेशनची वाट पाहू नये. केईएम, सायन किंवा जवळचं कुठलंही रुग्णालय त्याच दिवशी गाठावं.