हिवाळ्यापूर्वीची बागेची तयारी

हिवाळ्यापूर्वीची बागेची तयारी : कडाक्याची थंडी सुरू होण्याआधी झाडे, माती, पाण्याची व्यवस्था आणि अवजारे यांसाठी बागेत व अंगणात करायची कामे. उत्तर गोलार्धात ती साधारणपणे सप्टेंबर ते नोव्हेंबर आणि दक्षिण गोलार्धात मार्च ते मे या काळात केली जातात. उष्ण कटिबंधात सखल भागांत पारा शून्याच्या जवळपासही जात नाही. तेथे हिवाळा हाच भाजीपाल्याचा आणि मोसमी फुलांचा हंगाम असतो, त्यामुळे तयारी म्हणजे वाफे करणे आणि पेरणी. या नोंदीत मुख्यतः दहिवर (गोठलेले दव) पडणाऱ्या किंवा जमीन गोठणाऱ्या प्रदेशांचा विचार केला आहे.

थंडीने झाड मरते असे आपण म्हणतो, पण खरा घोळ पाण्याचा असतो. तापमान शून्याखाली गेले की बर्फ आधी पेशींच्या आत नव्हे, तर पेशींमधल्या मोकळ्या जागेत धरतो. हा बर्फ पेशीतले पाणी बाहेर ओढून घेतो आणि पेशी सुकत जाते. म्हणजे गोठणे हा वनस्पतीच्या दृष्टीने एक प्रकारचा दुष्काळच. त्याला तोंड देण्याची तयारी झाड स्वतःच करते. दिवस लहान होऊ लागले आणि रात्री गार पडू लागल्या की वाढ थांबते, पेशींमधली शर्करा वाढते, पेशीपटलांतील स्निग्ध घटकांचे प्रमाण बदलते. याला काही आठवडे लागतात. म्हणूनच भर हिवाळ्यात उणे २५ अंश सेल्सिअस सहज सोसणारे झाड शरदात अचानक आलेल्या उणे ५ अंशांनी होरपळू शकते.

यावरून निघणारी पहिली सूचना काही न करण्याची आहे. पहिल्या दहिवराच्या अंदाजे सहा ते आठ आठवडे आधी नत्रयुक्त खत बंद करावे आणि मोठी छाटणी टाळावी. दोन्हींमुळे कोवळी फूट येते आणि ती पक्व होण्याआधीच थंडीत सापडते. पाने गळू लागली की कात्री हातात घ्यावीशी वाटते खरी. पण मोडलेल्या, वाळलेल्या आणि रोगट फांद्यांपुरतेच थांबलेले बरे. बहुतेक पानझडी फळझाडांची छाटणी झाड पूर्ण सुप्तावस्थेत असताना, हिवाळ्याच्या उत्तरार्धात करतात.

पाणी तोडण्याची घाई मात्र करू नये. सदाहरित झुडपे आणि सूचिपर्णी वृक्ष हिवाळ्यातही पानांवाटे पाणी गमावतात. जमीन गोठल्यावर मुळांना ते भरून काढता येत नाही. वसंतात तपकिरी पडलेली पाने पाहून थंडी लागली असे म्हटले जाते, तेव्हा बऱ्याचदा झाड तहानेने सुकलेले असते. पाऊस नसेल तर जमीन गोठेपर्यंत अशा झाडांना अधूनमधून खोलवर पाणी द्यावे. उलट, लॅव्हेंडरसारखी कोरड्या, मुरमाड जमिनीची झाडे थंडीपेक्षा मुळाशी साचलेल्या पाण्याने दगावतात. त्यांच्यासाठी निचरा सुधारणे हीच तयारी.

आच्छादनाबद्दल गैरसमज बरेच आहेत. पालापाचोळा, पेंढा किंवा लाकडाचा भुसा यांचा ५ ते १० सेंटिमीटरचा थर झाडाला ‘ऊब’ देतो असे नाही. तो जमिनीच्या तापमानातले चढउतार कमी करतो. जमीन रात्री गोठून दिवसा वितळत राहिली की माती फुगते-बसते आणि नव्याने लावलेली, उथळ मुळांची रोपे अक्षरशः वर ढकलली जातात. त्यांची मुळे उघडी पडून वाळतात. अतिथंड प्रदेशांत हे टाळायचे असेल, तर आच्छादन जमीन गोठू लागल्यावर घालतात, आधी नाही. लवकर घातलेला थर माती उबदार ठेवतो आणि त्यात उंदीर घरटी करतात. आच्छादन खोडाला टेकवणे ही सर्वांत जास्त दिसणारी चूक : साल ओलसर राहून कुजते आणि उंदरांना ती आडोशाने कुरतडायला मिळते. कलमी गुलाबाचा अपवाद. त्याच्या कलमाच्या सांध्यावर २० ते ३० सेंटिमीटर मातीचा ढीग मुद्दाम रचतात आणि वसंतात काढून टाकतात.

दहिवर बहुधा निरभ्र, वारा पडलेल्या रात्री पडते. जमिनीची उष्णता आकाशाकडे निघून जाते आणि गार हवा जड असल्याने सखल कोपऱ्यांत साचते. हवामानाच्या नोंदीतले तापमान जमिनीपासून दीड-दोन मीटर उंचीवरचे असते. ते ३ अंश असतानाही गवताच्या पात्यांवर बर्फ धरू शकतो. अशा रात्री नाजूक रोपांवर संध्याकाळीच कापड टाकावे, म्हणजे जमिनीतून येणारी ऊब त्याखाली अडकते. कापड जमिनीपर्यंत पोचले पाहिजे. नुसते शेंड्याला गुंडाळून उपयोग नाही. प्लास्टिक पानांना टेकले तर तेथेच पाने काळवंडतात. ओली माती कोरड्या मातीपेक्षा जास्त उष्णता धरून ठेवते, हेही लक्षात ठेवण्यासारखे.

कोणते झाड कितपत तग धरेल याचा अंदाज शीतसहत्व विभागांवरून घेतात. अमेरिकेच्या कृषी खात्याने असा नकाशा प्रथम १९६० मध्ये प्रसिद्ध केला. आज त्यात १३ विभाग आहेत आणि प्रत्येक विभाग १० अंश फॅरेनहाइटचा आहे. त्याचा आधार वर्षातील सर्वांत कमी तापमानाची सरासरी एवढाच. पहिले दहिवर कधी पडेल, जमीन किती ओली असेल, हे त्यावरून कळत नाही.

कंदांच्या बाबतीत दोन उलट कामे एकाच सुमारास येतात. ट्यूलिप आणि डॅफोडिल यांना फुलण्यासाठी दीर्घ गारवा लागतो (ट्यूलिपला साधारण १२ ते १६ आठवडे), म्हणून ते शरदात, कंदाच्या उंचीच्या दोन ते तीन पट खोल लावतात. लसणाच्या पाकळ्याही याच वेळी लावल्या जातात. डेलिया, कर्दळ, ग्लॅडिओलस यांचे गड्डे आणि कंद मात्र जमीन गोठणाऱ्या भागांत उपटून घ्यावे लागतात. डेलियाचा पाला पहिल्या दहिवराने काळा पडला की तो छाटून गड्डे खणतात आणि कोरड्या भुशात, ५ ते १० अंशांच्या आसपास, गोठणार नाहीत अशा जागी ठेवतात.

गळलेल्या पानांचे काय करावे यावर बागप्रेमींत एकमत नाही. पूर्वी बाग झाडून लख्ख करण्याची पद्धत होती. आता बरेच जण वाळके दांडे उभेच ठेवतात, कारण काही एकांड्या मधमाश्या पोकळ दांड्यांत आणि अनेक फुलपाखरांचे कोष पाचोळ्यात हिवाळा काढतात. हा बदल योग्यच, पण सरसकट नव्हे. सफरचंदावरील खपली रोगाची बुरशी गळलेल्या पानांत टिकून वसंतातल्या पावसात बीजाणू सोडते; गुलाबाच्या काळ्या ठिपक्यांचेही तसेच. अशी पाने गोळा करून बागेबाहेर काढावीत. हिरवळीवर पानांचा जाड, ओला थर राहू देऊ नये. त्याखाली गवत गुदमरते आणि बुरशी धरते. गवतकापणी यंत्राने पाने बारीक करून तेथेच पसरली तर खतही होते.

कुंडीतल्या झाडांना धोका जास्त. मुळे फांद्यांइतकी थंडी सोसत नाहीत आणि कुंडीत त्यांच्याभोवती जमिनीचे संरक्षण नसते. मातीच्या कुंड्या तर ओल्या असतील तर तडकतात. त्या भिंतीच्या आडोशाला एकत्र ठेवाव्यात; घरात आणायच्या झाडांची कीड आधी तपासावी. कोवळ्या, पातळ सालीच्या झाडांची खोडे पांढऱ्या रंगाने रंगवतात, म्हणजे हिवाळी उन्हाने तापलेली साल सूर्यास्तानंतर एकदम गोठून फाटत नाही.

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते; म्हणून नळ्या, ठिबकच्या वाहिन्या आणि बाहेरचे नळ रिकामे करून ठेवतात. अवजारांची माती काढून पात्यांना तेलाचा हात फिरवतात.

बर्फ पडू लागल्यावर करण्यासारखे थोडेच उरते. ताजा, भुसभुशीत बर्फ बहुतांशी हवाच असतो आणि वाफ्यांना तो चांगले पांघरूण देतो, तेव्हा तो तेथेच राहू द्यावा. ओल्या, जड बर्फाने वाकलेल्या सदाहरित फांद्या मात्र खालून वर हलकेच उचलून झटकाव्यात. फांदीवर पारदर्शक बर्फाचे कवच चढले असेल तर तिला हात लावू नये. ती लवत नाही, मोडते.