'यूज्ड टू' आणि 'ॲम यूज्ड टू': सुटलेले आणि सरावलेले

'आय यूज्ड टू लिव्ह इन भुसावळ' आणि 'आय ॲम यूज्ड टू लिव्हिंग इन भुसावळ' ही दोन वाक्ये कानाला सारखीच वाटत असली, तरी पहिले बोलणाऱ्याने भुसावळ केव्हाच सोडलेले असते, तर दुसरे बोलणाऱ्याच्या ते अंगवळणी पडलेले असते.

पहिली रचना म्हणजे आपले 'राहत असे' किंवा 'राहायचो'. ती केवळ भूतकाळाची असून तिच्यापुढे क्रियापद मूळ रूपात येते. दुसऱ्या रचनेतील 'यूज्ड' म्हणजे सरावलेला; त्याच्या आधी 'ॲम', 'इज', 'वॉज' हवे आणि 'टू'नंतर नाम हवे. मे महिन्यात पारा 45 अंशांकडे सरकतो, तेव्हा जळगावकर 'आय ॲम यूज्ड टू द हीट' म्हणू शकतो. हे 'टू' आपल्या 'ची' प्रत्ययाचे काम करते. 'उन्हाची सवय' हे सरळ जुळते, पण 'राहतो'ला 'ची' लागत नाही. आधी त्याचे 'राहणे' करावे लागते, मग 'राहण्याची सवय' होते. 'लिव्ह'चे 'लिव्हिंग' होते ते नेमके याच कारणाने. अहिराणीतले 'माले सवय शे' (मला सवय आहे) मनात धरले, तर ही रचना चुकणार नाही.

माझ्या मते अधिक नुकसान करते ती तिसरीच चूक. रावेरकडचा एक विद्यार्थी मुलाखतीचा सराव करताना म्हणाला, 'आय यूज टू गेट अप ॲट फाइव्ह.' केळीला पाणी द्यायला आपण रोज पहाटे 5 वाजता उठतो, हे त्याला अभिमानाने सांगायचे होते. बोलताना मात्र 'यूज टू' आणि 'यूज्ड टू' या दोहोंचा उच्चार 'यूस्टू' असाच होत असल्यामुळे, ऐकणाऱ्याला तो पूर्वी उठत असे आणि आता उठत नाही, असेच वाटले असते. चालू सवयीसाठी साधा वर्तमानकाळ पुरतो: 'आय गेट अप ॲट फाइव्ह.' 'यूज टू' असे लिहायचे ते फक्त 'डिड' किंवा 'डिडन्ट'नंतर.

सवय अजून लागत असेल, तर 'गेट' घ्यावे. शिक्षणासाठी पुण्यात गेलेला मुलगा घरी फोनवर 'आता सवय होतेय' म्हणतो, त्याचे इंग्रजी 'आय ॲम गेटिंग यूज्ड टू इट' असे होईल.