विमानातला एसी बाधला की फ्लू झाला?

दिल्लीहून पुण्याच्या लोहगाव विमानतळावर उतरायचं, टॅक्सीत बसेपर्यंत घसा धरायचा आणि घरी पोचल्यावर निकाल तयार: 'शेजारचा खोकत होता ना, त्याचंच लागलं!' नाहीतर खापर एसीवर. दोन्हींत तथ्य आहे, पण दोघांची वेळ वेगळी.

कोरड्या हवेचा त्रास विमानातच सुरू होतो. केबिनमधली आर्द्रता बहुतेक वेळा 20 टक्क्यांच्याही खाली असते. नाक आतून सुकतं, घसा खवखवतो, डोळे चुरचुरतात. ताप मात्र नसतो. पाणी प्यायलं, रात्री नीट झोप झाली की बहुधा उतरतं.

फ्लू असा लगेच उगवत नाही. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला 1 ते 4 दिवस लागतात, साधारण 2. म्हणजे रविवारच्या विमानातला फ्लू मंगळवारी ऑफिसात गाठणार: एकदम ताप, हुडहुडी, अंग मोडून येणं, कोरडा खोकला. टॅक्सीतच कणकण असेल तर तो दिल्लीच्या लग्नातला आहेर समजा. आणि फ्लू लक्षणांच्या आदल्या दिवसापासूनच पसरू लागतो, त्यामुळे विमानात तो वाटत आलेले आपणच असू शकतो. हे कुणाला ऐकायला आवडत नाही.

2009 मध्ये देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू पुण्यात झाला, त्या वर्षी विमानतळांवर प्रवाशांचा ताप तपासत. पण ज्याला अजून तापच आलेला नाही, तो त्यात कसा सापडणार?

केबिनमध्ये फिरवलेली हवा मात्र उगाच बदनाम आहे. मोठ्या विमानांतले हेपा फिल्टर 99.97 टक्के सूक्ष्म कण अडवतात. धोका जवळपासच्या सीटवरच्या माणसाचा, आणि हवाच थांबली तर सगळ्यांना. 1977 मध्ये अलास्कात इंजिन बिघडून एक विमान तीन तास जमिनीवर अडकलं. आत 54 जण, एक फ्लूचा रुग्ण, हवा खेळवणारी यंत्रणा बंद. तीन दिवसांत 72 टक्के प्रवासी आजारी.

उलटी गफलतही होते, आणि ती जास्त महागात पडते. दोन दिवसांनी आलेल्या तापालाही 'एसी बाधला' म्हणत काढा पीत बसायचं. फ्लूवरचं ऑसेल्टामिविर लक्षणं दिसल्यापासून 48 तासांत सुरू केलं तर सर्वाधिक उपयोगी. घरात म्हातारी माणसं, गरोदर बाई, दमेकरी किंवा मधुमेही असेल तर त्यांचा ताप अंगावर काढू नका, डॉक्टरांना प्रवासाची तारीखही सांगा.